थर्मामीटरने भागेल का?

प्रश्न : सर, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शीत संलयनाचा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जुळवण्याचा, प्रयोग करता येईल का? जादा उष्णता साध्या थर्मामीटरने मोजता येईल?
– एक विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बेटा, थर्मामीटरने भागणार नाही. १९८९ साली यूटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लायशमन या रसायनशास्त्रज्ञांनी जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं) आणि पॅलेडियम हा धातू वापरून, त्यातून वीज सोडून, दिलेल्या विजेपेक्षा जादा उष्णता मिळाल्याचा दावा केला, आणि वाद पेटला तो बराचसा मोजणीवरूनच.

उष्णता मोजायला सेकंदाला १ ग्रॅम पाणी प्रयोगाच्या भांड्याभोवती फिरवलं, तर १ वॉट उष्णतेने ते जेमतेम ०.२४ अंश तापतं. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या काचेच्या थर्मामीटरवर खुणा एकेका अंशाच्या! त्यात वैशाखातली आपली खोली. दुपार चढली की भिंतीच तापतात, कूलर लावला की टेबलाची एक बाजू गार, दुसरी गरम. खोलीचं तापमान धरून ठेवणं, पंपाची धार एकसारखी राखणं, खरा खर्च इथे होतो. शिवाय विजेने पाण्यातून सुटलेले वायू भांड्यातच पुन्हा जुळले तर तीही उष्णता निघते. ती हिशेबात धरली नाही, तर साधी रसायनक्रियाच शोध वाटू लागते.

पॅलेडियम महाग, ते राहू दे. आधी पाण्यात एक रेझिस्टर (वीज दिली की तापणारा रोधक) सोड, मोजून १ वॉट दे, आणि तुझी मांडणी १ वॉटच दाखवते का बघ. आकडे मला पाठव, मी तपासून देतो.