दशांश ग्रॉसवर की हातात येणाऱ्या पगारावर?

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मिस्टरांचा निम्मा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जातो, त्यात सासूबाईंचं डायलिसिस. मंडळीत (चर्चमध्ये) सांगतात दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, ग्रॉसवरच (कपातीआधीच्या पूर्ण पगारावर) काढा नाहीतर आशीर्वाद अडतो. काय करू?

उत्तर : अगं, आधी डायलिसिस! बायबलमधल्या मार्क ७ मध्ये येशूने परुश्यांना (नियमांवर बोट ठेवणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना) यावरच तर झापलंय, देवाला 'कुर्बान' केलं म्हणायचं आणि आईबापासमोर हात वर करायचे. ग्रॉस की नेट हे बायबलमध्ये कुठेच नाही, मोशेच्या नियमातला दशांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा होता आणि दर ३ वर्षांनी तो गावातच ठेवून लेवी (देवाच्या सेवेतले लोक), परके, अनाथ, विधवा यांना पोटभर जेवू घालायचे (बायबलमधलं 'अनुवाद' पुस्तक, अध्याय १४ वाच, हा भाग कोणी फारसा सांगत नाही). प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ ९) टक्केवारी देतच नाही, मनात ठरवलंय तेवढं द्या, कुरकुरत नको, बस. आशीर्वाद म्हणजे काय एफडीचं व्याज आहे?

पण हां, एकदम शून्यावर पण येऊ नकोस. पगार झाला की पाचशे का होईना आधी बाजूला काढ, उरलं तर देऊ म्हटलं की महिनाअखेर काही उरत नाही. आणि सगळं चर्चच्या दानाच्या पाकिटातच गेलं पाहिजे असंही नाही, डायलिसिसला शेजारच्या बेडवर येणाऱ्या आजींना रिक्षाचे पैसे दिलेस तरी चालतंय की.