दुसऱ्या नौदलाला दिलेली जुनी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) पुढे किती वर्षं चालते?

नीट राखली तर आणखी पंधरा-वीस वर्षं सहज निघतात, कधी त्याहून बरीच जास्त. ब्रिटनची ‘एचएमएस नॉरफोक’ 1990 मध्ये ताफ्यात आली, 2005 मध्ये निवृत्त झाली आणि 2006 मध्ये ‘अल्मिरांते कोक्रेन’ नावाने चिलीच्या सेवेत रुजू झाली. तिथली सेवा आता पहिल्या सेवेपेक्षा मोठी आहे. टोकाचं उदाहरण फिलिपिन्सच्या ‘राजा हुमाबोन’चं:

- 1943: अमेरिकेची ‘यूएसएस अ‍ॅथर्टन’
- 1955: जपानची ‘हात्सुहि’
- 1980: फिलिपिन्सच्या सेवेत
- 2018: निवृत्ती

सांगाडा सहसा दगा देत नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. घोडं अडतं ते सुट्या भागांवर, कारण मूळ देशानेच त्या वर्गाची, म्हणजे त्याच आराखड्याची, जहाजं मोडीत काढलेली असतात. चिलीने एकाच वर्गाच्या तीन फ्रिगेट घेतल्या, तो हिशेब मला शहाणपणाचा वाटतो.

फक्त, ताफ्यात असणं म्हणजे लढण्याजोगं असणं नव्हे. ‘राजा हुमाबोन’ 1993 मध्ये एकदा निवृत्त होऊन दुरुस्तीनंतर परत आली, आणि शेवटपर्यंत तिच्यावर तोफा होत्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्याच.