स्क्रिप्टरिप्लेने टर्मिनलचं रेकॉर्डिंग बघताना स्क्रीन विस्कटते, वेळही तेवढाच लागतो. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उबुंटूवर 'स्क्रिप्ट' कमांडने दोन तासांचं काम रेकॉर्ड केलं. ते 'स्क्रिप्टरिप्ले' या कमांडने परत बघायला दोन तास बसावं लागतं, विम (मजकूर लिहायचा एडिटर) उघडलेला भाग आला की स्क्रीनचा चिवडा होतो, आणि लॉगमधून (रेकॉर्डिंगच्या फाइलमधून) एक पासवर्ड खोडला तेव्हापासून पुढचं सगळं घसरलंय.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.)

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हा व्हिडिओ नाही. टर्मिनलकडे जे बाइट गेले ते एका फाइलमध्ये साठतात आणि ते कधी गेले हे दुसरीत. टाइमिंगची फाइल उघडून बघा, प्रत्येक ओळीत दोनच आकडे दिसतील:

0.812440 1
0.164021 1
0.013377 1460

म्हणजे 0.81 सेकंद थांब आणि लॉगमधला पुढचा 1 बाइट स्क्रीनवर टाक. मग 0.16 सेकंदांनी अजून एक. ही कुणीतरी 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप केल्याची खूण. मग एंटर (त्याची ओळ इथे गाळली आहे), आणि यादीचे 1460 बाइट एका दमात. स्क्रिप्टरिप्ले याहून जास्त काही करत नाही.

आता वेळेचं. दोन तासांतला बराचसा वेळ तुम्ही विचार करत किंवा चहा घेत होता, तो कापायचा:

स्क्रिप्टरिप्ले --लॉग-आउट काम.लॉग --लॉग-टाइमिंग काम.टाइम --मॅक्सडिले 1 --डिव्हायजर 2

मॅक्सडिले 1 दिलं की कुठलाही विराम एका सेकंदापेक्षा लांबत नाही. डिव्हायजर 2 म्हणजे दुप्पट वेग, 0.5 दिलं तर निम्मा. नुसता वेग दहापट करण्याच्या फंदात पडू नका: दहा मिनिटांचा विराम तरीही एक मिनिट राहतो आणि टायपिंग मात्र डोळ्यांना दिसतच नाही. मॅक्सडिले हाच खरा कामाचा पर्याय. अलीकडच्या आवृत्तींत स्पेस दाबून थांबवता येतं आणि वर-खालच्या बाणांनी वेग दहा-दहा टक्क्यांनी बदलतो.

पासवर्डचं दुखणं जरा खोल आहे. टाइमिंग फाइल बाइट मोजते, अक्षरं नव्हे. नऊ बाइट खोडले की त्यानंतरची प्रत्येक ओळ नऊ बाइट पुढचं उचलते. मग रंगाचा कोड मधूनच तुटतो, त्याचा अर्धा तुकडा अक्षरं म्हणून छापला जातो, आणि बरेच बाइट गेले असतील तर शेवटी 'फाइल अनपेक्षितपणे संपली' अशी तक्रारही येते. उपाय सोपा आहे: खोडलेल्या जागी तेवढेच बाइट भरा. नऊ इंग्रजी अक्षरं गेली असतील तर नऊ फुल्या (इंग्रजी x). मजकूर मराठी असेल तर जपून, यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. 'मराठी' हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइट, म्हणून पंधरा फुल्या.

किती बाइट गेले ते आठवत नसेल तर हिशोब करता येतो. टाइमिंगच्या दुसऱ्या रकान्याची बेरीज 'ऑक'ने (रकान्यांवर काम करणारी कमांड) काढा. लॉगच्या एकूण आकारातून पहिली 'स्क्रिप्ट स्टार्टेड' ओळ आणि शेवटचा 'स्क्रिप्ट डन' मजकूर (त्याआधीच्या एका नव्या-ओळीच्या बाइटसकट) वजा करा. दोन्हींतला फरक म्हणजे हरवलेले बाइट. पहिली ओळ मात्र खोडू नका. रिप्ले ती आपोआप वगळतो. ती नसेल तर तुमच्या कामाची पहिली ओळ वगळली जाईल आणि पुन्हा तीच घसरण. फरक शेकड्यांत आला तर एखाद्या एडिटरने ओळींच्या शेवटची चिन्हं परस्पर बदललेली असण्याची दाट शक्यता. अशा वेळी मूळ प्रत शोधा, हाताने जुळवत बसू नका.

पासवर्ड लॉगमध्ये आलाच कसा, हेही बघा. 'सुडो'ने (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) विचारलेला पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाही, म्हणून लॉग-आउटमध्ये जातही नाही. बहुतेक डेटाबेसचा पासवर्ड कमांडच्याच ओळीत दिला गेला असेल. पण --लॉग-इन किंवा --लॉग-आयओ वापरलंत तर दाबलेली प्रत्येक कळ नोंदली जाते, न उमटणारे पासवर्डही. असा लॉग कुणाला पाठवण्याआधी दहादा विचार करा.

विमचा चिवडा खिडकीच्या मापामुळे होतो. विम, टॉप, लेस हे पूर्ण स्क्रीन वापरणारे प्रोग्राम 'अमुक ओळीत तमुक रकान्यात जा' अशा सूचना पाठवतात. 120 रकान्यांच्या खिडकीत केलेलं काम 80 रकान्यांत चालवलं तर ओळी भलत्याच ठिकाणी मोडतात. स्क्रिप्टरिप्ले तुमच्या खिडकीचं माप बदलत नाही. नव्या आवृत्तींत लॉगच्या पहिल्याच ओळीत 'कॉलम्स' आणि 'लाइन्स' लिहिलेले असतात. तेवढी खिडकी ओढा, 'एसटीटीवाय साइज'ने तपासा (आधी ओळी, मग रकाने येतात) आणि मगच रिप्ले सुरू करा. रेकॉर्डिंग चालू असतानाच खिडकी लहान-मोठी केली असेल तर एका मापाने भागणार नाही. पुढच्या वेळी रेकॉर्ड करताना --लॉगिंग-फॉरमॅट अ‍ॅडव्हान्स्ड द्या, म्हणजे मापाचे बदलही टाइमिंगमध्ये नोंदले जातात.

रिप्ले संपल्यावर प्रॉम्प्टवर '62;c' छापाचा कचरा उमटला तर घाबरू नका. विमने तेव्हा टर्मिनलला 'तू कोण?' असं विचारलं होतं, तो प्रश्नही रेकॉर्ड झाला, आणि तुमच्या आत्ताच्या टर्मिनलने इमानदारीत उत्तर दिलं. एंटर न दाबता खोडून टाका. विमच्या मध्येच कंट्रोल-सी मारून स्क्रीन अडकली तर 'रीसेट' टाइप करा, अक्षरं दिसली नाहीत तरी चालेल. याच कारणाने अनोळखी माणसाचं रेकॉर्डिंग आपल्या टर्मिनलमध्ये थेट चालवू नये. त्यात कुठल्याही सूचना असू शकतात.

पुढच्या रेकॉर्डिंगसाठी दोन गोष्टी. --फ्लश द्या, नाहीतर 'स्क्रिप्ट' अचानक बंद पडलं तर शेवटचा तुकडा फाइलपर्यंत पोचलेला नसतो. आणि 'स्क्रिप्ट' बॅशआरसीमध्ये (शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, सुरू होताना वाचतो ती फाइल) टाकू नका: ते नवं शेल उघडतं, ते शेल बॅशआरसी वाचतं, त्यात पुन्हा 'स्क्रिप्ट'.

कुणाला दाखवण्यासाठी रेकॉर्ड करत असाल तर मी अ‍ॅस्किनेमा (टर्मिनल रेकॉर्ड करणारं दुसरं साधन) सुचवेन. त्याच्या एकाच फाइलमध्ये माप, वेळ आणि मजकूर असतो, ब्राउझरमधला प्लेअर त्याच मापात चित्र काढतो, त्यामुळे चिवड्याचा प्रश्नच उरत नाही. फाइलचं नाव मात्र द्याच. 2.x आवृत्तीत नाव नसेल तर शेवटी नुसतं एंटर दाबलं की रेकॉर्डिंग त्यांच्या सर्व्हरवर चढतं.

आणि 'स्क्रिप्टलाइव्ह' नावाची तिसरी कमांड दिसली तर तिला रिप्ले समजू नका. ती नोंदलेल्या कळा नव्या शेलमध्ये खरोखर दाबते. त्यात 'आरएम' (फाइली खोडणारी कमांड) असेल तर फाइली खरोखर उडतील.