“मी इथे चुकून आलेय”

“माझी निवड चुकून झालीये. एक दिवस यांच्या लक्षात येईल आणि परत पाठवतील.” परदेशात खगोलशास्त्रात पीएच.डी. करणारी एक मुलगी व्हिडिओ कॉलवर पहिल्या पाच मिनिटांतच हे बोलली. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) एम.एस्सी.ला पहिली आलेली. “असं काही नसतं गं” हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. त्या वाक्यानं कुणाला बरं वाटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. झोप-जेवण ठीक आहे ना, एवढं विचारून घेतलं. ते बिघडलं असतं तर आधी तिथल्या विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे धाडलं असतं.

मग विचारलं, “सध्या नेमकं कुठे अडलंय?”

तिनं बुजत एक फोटो दाखवला. काळ्या आकाशावर बांगडीसारखं फिकट कडं. दुर्बिणीच्या फिल्टरवर धुळीचा कण बसला की त्याची अशी सावली पडते. ती घालवायला एकसारख्या उजळलेल्या पडद्याचा किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाचा फोटो घेतात, त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात, आणि मूळ फोटोला त्यानं भागतात. भागूनही कडं जात नव्हतं. दोन महिने ती स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होती. ग्रुप मीटिंगमध्ये मात्र “चाललंय” म्हणून मोकळी व्हायची.

“गाईडना दाखवलंस?”

“इतकं साधं कसं विचारू, मॅडम? मी मनात वाक्य जुळवेपर्यंत बाकीचे पुढच्या विषयावर गेलेले असतात.”

मी तिला खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांची आठवण करून दिली. केंब्रिजमध्ये पीएच.डी. करताना आपल्याला चुकून घेतलंय, कधीही हाकलतील, असं त्यांनाही वाटायचं. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. 1967 मध्ये, रेडिओ दुर्बिणीतून येणारा रोजचा सुमारे 30 मीटर आलेखाचा कागद तपासताना, त्यांना कशातच न बसणारी एक खरड दिसली. ती त्यांनी गाईडना दाखवली. गाईडना आधी तो माणसांच्याच कुठल्या तरी यंत्राचा व्यत्यय वाटला. निघाला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा!

“अहो, पण त्या जोसेलिन बेल होत्या.”

“तेव्हा कुठे होत्या? तुझ्यासारख्याच विद्यार्थिनी होत्या.”

ती हसली, पण पटलं नव्हतं. थोरामोठ्यांच्या गोष्टींचा उपयोग तेवढाच. म्हणून काम दिलं: गाईडना तीन ओळींची मेल. काय केलं, काय दिसलं, कुठे अडलं. तिच्या पहिल्या मसुद्यात चार वेळा ‘सॉरी’ होतं. चारही आम्ही मिळून खोडले.

उत्तर त्याच दिवशी आलं, एका ओळीचं: “फ्लॅट कुठल्या रात्रीचे?” ते होते मूळ फोटोच्या आठवडाभर आधीचे. मधल्या काळात फिल्टर साफ झाला होता, धूळ जागची हलली होती. कोड बरोबरच होता.

परवा म्हणाली, “अजूनही वाटतं हो, चुकून आलेय.” वाटत राहील काही दिवस. पुढच्या महिन्यात तिला दुर्बिणीवर तीन रात्री मिळाल्यात. फ्लॅट रोजच्या रोज घेणार आहे. आणि तिन्ही रात्री ढगात गेल्या तर काय, हे तिनं गाईडना आताच विचारून ठेवलंय.