हेनेसीतला 'ह' आणि गिनेसमधला 'ग'

प्रश्न असा आहे: "जालियनवाला बागेबद्दल वाचताना जनरल डायर आणि मायकल ओड्वायर अशी दोन नावं येतात. ही एकाच आडनावाची दोन रूपं का? 'ओ' लागला की अर्थ काय बदलतो? आणि 'मॅक'वाली नावं आयरिश की स्कॉटिश?"

आधी घोळ निस्तरू. गोळीबाराचा हुकूम देणारा डायर वेगळा, आणि त्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला, डायरची पाठराखण करणारा ओड्वायर वेगळा. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या घातल्या त्या ओड्वायरला. डायर त्याआधीच, १९२७ मध्ये, आजारपणात वारला होता. आडनावांचंही नातं नाही. डायर हे इंग्रजी धंद्यावरून पडलेलं नाव आहे, सरळ मराठीत 'रंगारी'. ओड्वायर मात्र आयर्लंडच्या टिपररी परगण्यातलं जुनं घराणं. आयरिशमध्ये ते 'ओ डिविर' असं काहीसं म्हणतात. त्यात 'काळा' आणि 'करडा' अशा दोन शब्दांनी बनलेलं कुणा मूळ पुरुषाचं नाव दडलेलं आहे, आणि पुढचा 'ओ' म्हणजे 'नातू'. त्या काळ्या-करड्याचा नातू.

तर 'ओ' हा असा अख्खा शब्द आहे. इंग्रजीत त्याच्यापुढे जो स्वल्पविरामासारखा आकडा टांगतात, तो पाहून बऱ्याच जणांना वाटतं की हे 'ऑफ'चं आखूड रूप असावं. तसं नाही. आयरिशमध्ये या 'ओ'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ असते. तिला 'फादा' म्हणतात. फादा म्हणजे लांब, आपल्या भाषेत दीर्घ. ती रेघ इंग्रजी कारकुनांच्या हातून घरंगळली आणि 'ओ'च्या शेजारी येऊन बसली. आज त्या आकड्यामुळे संगणकाचे अर्ज 'अवैध अक्षर' म्हणून ओब्रायन मंडळींना परत पाठवतात.

'ओ' म्हणजे नातू, मग त्यावरून वंशज. जुन्या बखरींत तो 'उआ' असा लिहिलेला सापडतो. 'मॅक' म्हणजे मुलगा. सुरुवातीला हे शब्द अक्षरशः खरे असत. ब्रायन बोरू हा आयर्लंडचा प्रसिद्ध राजा १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला. त्याला स्वतःला आडनाव नव्हतं. ओब्रायन म्हणवून घेणारा राजा टर्लो (मृत्यू १०८६) हा त्याचा खरोखरचा नातू. पुढे नातवाचा नातूही 'नातू'च म्हणवून घेऊ लागला आणि तिथे आडनाव जन्मलं. ब्रायन बोरूने फर्मान काढून सगळ्यांना आडनावं घ्यायला लावली, ही गोष्ट तिथे अजून सांगतात, पण ती दंतकथा. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, ९१६ च्या नोंदीत, गॉलवेकडच्या एका सरदाराचं नाव 'उआ क्लेरिग' असं आलेलं आहे. आजचे ओक्लेरी आणि क्लिअरी त्या नावाचे. युरोपातल्या सगळ्यात जुन्या आडनावांमध्ये ते धरलं जातं.

'मॅक' आयरिश की स्कॉटिश, तर दोन्ही. दोन्हीकडची जुनी भाषा, गेलिक, एकाच मुळाची. आयरिश माणूस इंग्रजीत 'मॅक' लिहिताना मधलं 'ए' अक्षर गाळतो आणि स्कॉटिश पूर्ण लिहितो, हा समज तर पार चुकीचा. ते फक्त लिहिण्यातलं आखडणं आहे, आपण 'रा. रा.' लिहितो तसं. 'ओ' मात्र जवळजवळ केवळ आयर्लंडचा.

आता मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. आयरिशमध्ये 'ओ'नंतर स्वराने सुरू होणारं नाव आलं की मध्ये 'ह' शिरतो. आपल्या संधीसारखाच प्रकार. अंगस नावाच्या माणसाचा नातू 'ओ अंगस' होत नाही, 'ओ हंगस' असा काहीतरी होतो. शतकं गेली, 'ओ' गळून पडला, पण 'ह' चिकटून राहिला, आणि नाव झालं हेनेसी. हो, कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या बाटलीवरचं हेनेसी. १७६५ मध्ये फ्रान्समध्ये तो धंदा सुरू करणारा रिचर्ड हेनेसी कॉर्क परगण्यातला होता. हिगिन्समधला 'ह' असाच, होगनमधला असाच, ओहारामधला असाच. या नावांच्या मूळ पुरुषांच्या नावांत 'ह' नव्हताच. होगनच्या मुळाशी 'ओग' आहे, म्हणजे तरुण.

त्याच अंगसला 'मॅक' लावून बघा. स्वरापुढे 'मॅक'चा 'मॅग' होतो. मॅग अंगस, त्याचं मॅगेनिस, मग पुढचा 'मॅ'ही झिजला आणि उरलं गिनेस. डब्लिनची काळी बिअर. म्हणजे ब्रँडी आणि बिअर दोघी अंगस या एकाच नावातून आलेल्या, आणि आयरिश पुराणकथांत अंगस हे प्रेमाच्या देवाचं नाव! हेनेसीतला 'ह' हा 'ओ'चा शेष आणि गिनेसमधला 'ग' हा 'मॅक'चा. मूळ पुरुष अंगस स्वतः 'अ'चा, पण वंशजांकडे त्याचा 'अ' पहिल्या जागी राहिलेलाच नाही.

असंच दुसरं कुटुंब 'ए' या नावाचं. अर्थ अग्नी. उच्चार एवढासा, फक्त 'ए', त्यामुळे कारकुनांना पकडायला काहीच मिळेना. 'ओ'च्या बाजूने हेज आणि ओहे झाले, 'मॅक'च्या बाजूने मॅककॉय, मॅकी, मॅगी झाले. आणि 'ए'ला इंग्रजीत 'ह्यू' मानायचं ठरल्यामुळे ह्यूज आणि मॅकह्यू झाले. या सगळ्यांना एका खोलीत बसवलंत तर ते एकमेकांना परके समजतील. बरं, सगळे एका रक्ताचे असतीलच असंही नाही. 'ए' नावाचे पुरुष ठिकठिकाणी होते आणि प्रत्येकाला नातवंडं होती. आयरिश आडनाव सारखं म्हणून नातं लावायला जाऊ नये. मर्फी हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं नाव, पण सगळे मर्फी म्हणजे एक कूळ नव्हे.

मराठी माणसाला ही व्याकरणं इंग्रजापेक्षा लवकर कळतील, असं मला वाटतं. इंग्रजीत आडनाव म्हणजे दगड, वाक्यात कुठेही ठेवा, बदलत नाही. आपल्याकडे फडके हे 'फडक्यांची सून' होतात, गोडबोले 'गोडबोल्यांचा वाडा' होतात, आणि कालपरवापर्यंत जोश्यांच्या घरची बाई जोशीणबाई असायची. आयरिशमध्ये हे सगळं आहे, फक्त आपण शेपूट बदलतो आणि ते डोकं बदलतात. मर्फीचं मूळ रूप 'ओ मुरखू'. मुलीला 'ओ' लागूच शकत नाही, कारण मुलगी नातू कशी असेल? तिला 'नी' लागतं, म्हणजे '-ची लेक', आणि पुढचा 'म'ही मऊ होऊन 'व' होतो: नी वुरखू. लग्न होऊन त्या घरात आलेली बाई 'बॅन ई वुरखू', अक्षरशः 'मुरखूंची बायको'. या मधल्या 'ई'ला मी आपल्या 'फडक्यांची'मधला 'क्यां' म्हणतो; तो 'ओ'चं षष्ठीचं रूप आहे. 'मॅक' असेल तर मुलीला 'निक'. म्हणजे आई, बाप आणि मुलगी अशा तिघांची आडनावं आयरिशमध्ये लिहिली तर तीन वेगळी दिसतात. मगाचा 'ह' आठवतो? 'नी'नंतर तो येत नाही. तेव्हा भाऊ 'ओ होगॉन' आणि सख्खी बहीण 'नी ओगॉन'.

इंग्रजी राजवटीला हे झेपलं नाही, आणि रुचलंही नाही. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्याने तिथे स्थायिक झालेल्या इंग्रजांना आयरिश नावं वापरायला बंदी केली. म्हणजे तोवर ते वापरू लागले होते, हेही त्यातून कळतं. मग १४६५ मध्ये उलट्या दिशेचा कायदा आला. डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अमलातल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घ्यावं, आणि तेही चार खणांतून निवडून: एखादं गाव, एखादा रंग, एखादा धंदा किंवा एखादं पद. काळा, गोरा, सुतार, लोहार, आचारी. कायद्याने आडनावांचा कॅटलॉग द्यावा असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. प्रत्यक्षात त्या कायद्याची फार अंमलबजावणी झाली नाही. खरी पडझड सतराव्या शतकापासूनची, जुनी गेलिक सरदार घराणी संपल्यावरची. 'ओ' आणि 'मॅक' लावणं म्हणजे अडाणी, कॅथलिक, गावंढळ असल्याची पाटी लावणं झालं आणि लोकांनी ते आपण होऊन टाकले.

काहींनी नुसता उपसर्ग टाकला, काहींनी भाषांतर केलं. गावन म्हणजे लोहार, म्हणून मॅक गावनचे मॅकगोवन राहिले किंवा सरळ स्मिथ झाले. आयर्लंडातला स्मिथ इंग्रज असेल असं गृहीत धरू नका, विशेषतः तो कॅव्हन परगण्यातला असेल तर. भाषांतरात गंमतीही झाल्या. 'सीर' शब्दाला कारागीर आणि मुक्त असे दोन अर्थ. त्यावरून 'मॅक अन टीर' मंडळींपैकी काही मॅकइंटायर राहिली, काही कार्पेंटर झाली आणि काही फ्रीमन. मॅक कॉनरी नावात शेवटी 'री' ऐकू येतं, आणि 'री' म्हणजे राजा, म्हणून त्यातल्या अनेकांना किंग करून टाकलं. त्या नावाचा राजाशी संबंध नाही. आपल्याकडे शिंद्यांचे सिंदिया झाले तेव्हा निदान कोणी अर्थ लावायला गेलं नव्हतं.

आणि ही सगळी तोडमोड अमेरिकेत, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई त्या एलिस आयलंडच्या बंदरावर झाली, हे जे सांगतात ते विसरा. ते केंद्र १८९२ ला उघडलं. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात देशोधडीला लागलेले आयरिश त्याच्या कितीतरी आधी तिकडे पोचले होते. शिवाय तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीवर खुणा करत, नावं नव्याने लिहीत नसत. नावं मोडली ती घरीच: चर्चच्या वहीत, जमीनदाराच्या खंडाच्या पावतीवर, शाळेच्या हजेरीत.

परतीचा प्रवासही झाला. एकोणिसाव्या शतकातला आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल, ज्याचं नाव डब्लिनच्या मुख्य रस्त्याला आहे, त्याचे वडील नुसतं 'कॉनेल' लिहीत. मुलाने 'ओ' परत घेतला. १८९३ मध्ये आयरिश भाषा पुन्हा रुजवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था निघाल्यावर तर तशी लाटच आली. ओसुलिव्हन, ओनील, ओकॉनर पुन्हा 'ओ'सकट दिसू लागले. केली, केनेडी, मर्फी मात्र तसेच राहिले; त्यांचा 'ओ' आज कुणी लावला तर लोक वळून पाहतील. उत्साहाच्या भरात चुकाही झाल्या. गॉर्मन हे खरं 'मॅक'चं घराणं, पण ओगॉर्मन म्हणून परतलं.

सगळं 'ओ-मॅक'चंच नाही, हेही सांगायला हवं. 'फिट्झ' हा ११६९ नंतर आलेल्या नॉर्मनांचा, जुन्या फ्रेंचमधला 'मुलगा'. फिट्झजेरल्ड त्यांतलेच. अपवाद फिट्झपॅट्रिकचा: तो अस्सल गेलिक 'मॅक', वर नॉर्मन अंगरखा. बर्क नॉर्मन. वॉल्श म्हणजे वेल्सकडून आलेला. डॉइल म्हणजे 'काळा परका', बहुधा व्हायकिंगांची आठवण.

मराठीत लिहिताना काय करावं? मी 'ओब्रायन', 'ओड्वायर' असं सलग लिहितो. मूळ भाषेतच नसलेला तो आकडा आपण देवनागरीत कशाला वागवायचा? 'ओ ब्रायन' असं तोडून लिहिणं मुळाला जास्त धरून आहे, पण मराठी वाचणारा तिथे हाक मारल्यासारखा थांबतो.

शेवटी एक मराठी धागा, कारण तो खरोखरच आहे. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपलं हे 'कर' गावावरून येतं: गाव आधी, माणूस नंतर. तिकडे बऱ्याचदा उलटं. ऑफली नावाचा एक परगणाच आहे आणि त्या नावाच्या सुरुवातीला आपला तोच 'ओ' अनेकवचनात आहे: 'फालगेची नातवंडं'. नातवंडं आधी, परगणा नंतर. आयरिश बोलणाऱ्या गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, "के लेश हू?" म्हणजे "कुणाचा रे तू?" मालवणात विचारतील, "खंयचो रे तू?"