नाताळच्या सुट्टीत गोव्याहून मुलांना घेऊन दिल्ली, चार दिवसांत काय काय बघायचं?

मुलं ६ नि १० वर्षांची म्हणताय ना, मग दिवसाला एकच मोठी जागा धरा, दुसरी जमली तर जमली. लाल किल्ला सोमवारी बंद, रेल म्युझियमही बंद, म्हणून सोमवारी हुमायूनचा मकबरा ठेवा, बाग मोठी आहे पोरांना पळायला मिळतं. पुरातत्त्व खात्याच्या जागांवर १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

कुतुबमिनार मात्र अजिबात चुकवू नका. वर चढू देत नाहीत हे मुलांना आधीच सांगा, पण तिथला लोखंडी खांब नीट दाखवा, साधारण १६०० वर्षांचा आणि अजून गंजून गेला नाही, लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने वर एक पातळ थर बसलाय म्हणून. आपल्याकडे दर पावसाळ्यात गेट घासून रंगवावं लागतं, ते बघणाऱ्या पोरांना हे भारी वाटतं, प्रश्न संपत नाहीत.

आणि थंडी हलक्यात घेऊ नका हां, कानटोपी, मोजे इथूनच घ्या. सकाळी धुकं असतं, फ्लाईट लेट होतात, त्यामुळे शक्यतो दुपारचीच बुक करा.