न्यू जर्सीत येताय? मग आधी ईमेल लिहायला शिका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, पुण्यातल्या शाळेत पदरच्या पैशानं शॅडो टीचर (वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारी) ठेवलेली, आणि जुलैत मिस्टरांची बदली एडिसनला. तुम्ही विचारलंय, "तिथल्या सरकारी शाळा सगळं फुकट आणि आपोआप देतात म्हणे, खरं का? आणि नाही दिलं तर काय करायचं?"

फुकट देतात, हे खरं. आपोआप देत नाहीत. आमची इथली बारा वर्षं आणि धाकट्याच्या शाळेतल्या वीसेक मीटिंगा झाल्यावर सांगते: इथे तोंडी मागितलेलं मागितल्यात जमा नसतं.

पाया आहे तो अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याचा. १९९० पासून त्याला आयडिया (IDEA) म्हणतात. अपंगत्व असलेल्या मुलाला त्याच्या गरजेनुसार मोफत शिक्षण द्यायचं, तेही शक्य तितकं इतर मुलांच्या बरोबरीनं, ही जबाबदारी शाळेची. तुमचा व्हिसा कोणता, याचा इथे संबंध नाही. फक्त तुम्ही त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, हद्दीत राहत असायला हवं. म्हणून घर घेताना भाडं आणि स्टेशन बघाल तसं त्या गावच्या शाळेत ऑटिझमचे वर्ग आहेत का, तेही बघा.

आता तुमच्या हातातल्या कागदांचं. यूडीआयडी कार्डाला, म्हणजे भारत सरकारच्या अपंगत्वाच्या ओळखपत्राला, इथे काही किंमत नाही. डॉक्टरांचं निदान वाचतील, पण तेवढ्यावर सेवा सुरू होत नाही. अमेरिकेतल्या एका राज्यातून दुसऱ्यात गेलात तर आधीच्या आयईपीसारख्या सेवा लगेच द्याव्या लागतात. भारतातून आलेल्याला ती सोय नाही. आयईपी म्हणजे तुमच्या मुलाचा वर्षभराचा लेखी आराखडा: कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात. तो मिळण्याआधी शाळेची तपासणी होते, आणि ऑटिझममुळे शिकण्यावर परिणाम होतोय का, हे त्यात ठरतं. न्यू जर्सीत हे काम चाइल्ड स्टडी टीम करते: एक सायकॉलॉजिस्ट, एक सोशल वर्कर आणि शिकण्यातल्या अडचणी तपासणारी एक शिक्षिका.

शाळेत नाव घातलंत की त्याच दिवशी डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेसच्या (विशेष शिक्षण विभागाच्या) डायरेक्टरना ईमेल करा. "माझ्या मुलाची स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण तपासणी व्हावी अशी लेखी विनंती करते" हे एक वाक्य, काळजी कशाची आहे त्याच्या चार ओळी, मुलाचं नाव, जन्मतारीख आणि वर आजची तारीख. एवढं पुरे. ती विनंती पोचल्यापासून २० दिवसांत मीटिंग घ्यावी लागते. शाळेच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, पण उन्हाळ्याची मोठी सुट्टी धरतात! म्हणजे जुलैत पाठवलेली विनंती "सप्टेंबरमध्ये बघू" म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तपासणीला तुम्ही लेखी संमती दिलीत की तिथून ९० दिवसांत तपासणी, निर्णय, आराखडा आणि प्रत्यक्ष सेवा सुरू होणं, सगळं व्हायला हवं. तपासणीचे अहवाल निर्णयाच्या मीटिंगच्या किमान १० दिवस आधी तुमच्या हातात पडले पाहिजेत. ते मागून घ्या. टेबलावर बसून चाळीस पानं कोण वाचतं?

एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: "त्याचं इंग्रजी अजून रुळलेलं नाही, आधी वर्षभर इंग्रजीच्या जादा वर्गाला बसू दे, मग तपासू." गोड आवाजात सांगतात. नुसतं इंग्रजी कच्चं म्हणून मुलाला अपंग ठरवायचं नाही, हे कायद्यात आहे. पण म्हणून तपासणीच लांबवायची, असं कुठेही नाही. शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत तपासणी करा आणि मीटिंगला दुभाषी द्या, असं मागता येतं. तुमचं इंग्रजी उत्तम असेल, पण सासूबाई मुलाला दिवसभर सांभाळत असतील तर त्यांचं म्हणणं मराठीतून नोंदवलं जाणं महत्त्वाचं आहे.

आता आमची फजिती. दुसऱ्या वर्षीच्या मीटिंगला मी डबाभर शंकरपाळे घेऊन गेले होते. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्या, समोर सहा जणी, आणि गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आम्ही दोघं. बाई म्हणाल्या, मुलगा छान प्रगती करतोय, तेव्हा स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा एकट्याला होते ती एकदा आणि गटात करू. आपल्याकडची सवय, शिक्षकांना उलट बोलायचं नाही. मी "थँक यू सो मच" म्हणाले. आठवड्यानं घरी एक जाड पाकीट आलं, ते मी फ्रिजवर ठेवून दिलं. उघडलं तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.

पहिल्या आयईपीला तुमची लेखी संमती लागतेच. पण नंतरच्या बदलांना न्यू जर्सीत तुमची सही लागत नाही! शाळेनं लेखी नोटीस दिली आणि १५ दिवसांत तुम्ही मीडिएशन (मध्यस्थी) किंवा सुनावणी मागितली नाही, तर बदल लागू होतो. गप्प बसणं म्हणजे होकार. मुदतीच्या आत अर्ज केलात तर निकाल लागेपर्यंत आधीच्याच सेवा चालू ठेवाव्या लागतात. पुढच्या वर्षी असंच पाकीट आलं तेव्हा आम्ही नवव्या दिवशी अर्ज केला, आणि होती ती सेवा टिकली.

मीटिंगला वर्षातून एकदाच जायचं, असंही नाही. मध्येच काही बिनसलं तर लेखी मीटिंग मागा. काही बदल मागितलात आणि शाळेनं नाही म्हटलं, तर २० दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यावं लागतं. "आमच्याकडे हे करत नाहीत" असं कोणी तोंडी म्हणालं तर हसून म्हणायचं, "हेच मला लिहून द्याल का?" या एका वाक्यानं आमच्या दोन गोष्टी तिथल्या तिथे मंजूर झाल्यात. आधी सांगून मीटिंग रेकॉर्डही करता येते. आणि उपस्थितीची सही व संमतीची सही वेगळी असते. कागद वाचल्याशिवाय दुसरी करू नका, "घरी नेऊन वाचते" म्हणा.

शाळेची तपासणीच पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चानं तपासणी मागा. शाळेनं ती द्यायची, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे दाखवायला स्वतः सुनावणीला जायचं. गप्प बसून राहता येत नाही.

भांडणाच्या पायऱ्या तीन. मीडिएशनला पैसे पडत नाहीत, राज्याचा तटस्थ माणूस मध्ये बसतो. आयईपीत लिहिलेली थेरपी दिलीच नाही, मुदत पाळली नाही, अशी उघड चूक असेल तर वर्षाच्या आत राज्याच्या शिक्षण खात्याकडे तक्रार करा. ६० दिवसांत निर्णय देणं अपेक्षित असतं. ड्यू प्रोसेस ही शेवटची पायरी, न्यायाधीशासमोरची सुनावणी. तिथे बहुतेकदा वकील लागतो आणि तो महाग असतो. पण २००८ पासून या राज्यात आपला आराखडा योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी शाळेवर आहे, आईबापांवर नाही. बऱ्याच राज्यांत उलट आहे. म्हणून टेक्सासमधल्या नणंदेचा सल्ला प्रेमानं ऐका, पण इथे वापरू नका. वकिलाआधी 'स्पॅन' या पालकांच्या संस्थेला फोन करा, त्या बायका चिकाटीनं समजावतात.

'मूल थोडंफार पुढे सरकतंय ना, मग झालं' असं म्हणून शाळेला सुटता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये एन्ड्रू एफ. खटल्यात सांगितलं की त्या मुलाच्या परिस्थितीत शोभेल अशी प्रगती व्हावी, असा आराखडा हवा. म्हणून "तो खूश असतो" यावर समाधान मानू नका. सप्टेंबरात किती शब्दांचं वाक्य बोलत होता, आता किती, ते विचारा.

निघताना आणायचं: निदानाचा अहवाल, थेरपिस्टांच्या गेल्या वर्षभराच्या नोंदी, शाळेची प्रगतिपुस्तकं, शॅडो टीचरकडून एक पानभर पत्र (तो वर्गात कधी बिथरतो, कशानं शांत होतो), लसीकरणाचं कार्ड. सगळं इंग्रजीत, दोन प्रती. आणि ती फाइल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आमची बॅग चार दिवसांनी आली होती.